पुलावरची हद्द

विठ्ठल, विठ्ठल! टाळ जरा हळू, मंडळी. आज माझं डोकं फिरलंय, आणि देवासमोर खोटं हसणं मला जमत नाही. एकच विचारतो. मार खाल्ला एकीनं, मग हेलपाटेही तिनंच का घालायचे? द्या उत्तर. नाही ना येत? मग ऐका.

शेवंताबाई कासारीण. ओढ्यापलीकडच्या वाडीची. बाजाराच्या दिवशी चावडीच्या पायरीशी बसते, बांगड्या भरते. हात असा हलका की नव्या नवरीलाही कळ लागत नाही. मागच्या बायांनो, हातातल्या बांगड्या काय बघता? तिच्याच आहेत त्या!

आता ती जागा हवी होती हंबीर नावाच्या एका दांडग्याला, रसाच्या गाड्यासाठी. बाई म्हणाली, "दादा, माझी सासू इथंच बसायची. मी कुठं जाऊ?" झालं! बाजार उठला, बाई टोपली घेऊन घरी निघाली, आणि ओढ्याच्या पुलावर यानं तिला गाठलं. काठी घातली ती नेमकी उजव्या मनगटावर. हाड मोडलं. वर म्हणतो, "पुढच्या बाजारी दिसलीस तर दुसरा हात." कासारणीचं मनगट, मंडळी! गवयाचा गळाच दाबला म्हणा ना.

दवाखान्यात प्लास्टर झालं. तशीच ती अलीकडच्या ठाण्यात गेली. हवालदार म्हणाले, "मावशी, पूल पलीकडच्या ठाण्याचा. आमची हद्द नाही." गेली पलीकडे. तिथले म्हणाले, "पुलाचा मधला खांब आहे ना, त्याच्या त्या बाजूला मारलंय तुम्हाला. हद्द त्यांची." पुन्हा अलीकडे! हवालदारांनी चहा पाजला हां, माणूस वाईट नव्हता. पण विचारतात काय? "मावशी, तुम्ही नेमक्या उभ्या कुठं होतात?"

अहो, काठी अंगावर येताना बाईनं खांब बघायचा? "थांब रे हंबीर, मला जरा हद्दीत येऊ दे, मग मार" असं म्हणायचं? हद्द झाली, मंडळी, हद्द!

आणि बाई तरी किती भोळी! तिला वाटलं, चूक आपलीच. आपण चुकीच्या जागी मार खाल्ला. घरी जाऊन जावेला म्हणते कशी, "पुलाच्या पुढं गेले असते तर बरं झालं असतं गं." हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं, खरं सांगतो.

जाऊ खमकी. तिनं बाईला तालुक्याच्या कोर्टात नेलं. तिथं विधी सेवेचं ऑफिस आहे, बाईमाणसाला तिथून वकील फुकट मिळतो. वकीलबाई म्हणाल्या, "शेवंताबाई, हद्द शोधणं पोलिसांचं काम. तुमचं नाही." उठल्या आणि थेट अलीकडच्या ठाण्यात. "साहेब, गुन्हा कुठंही घडो, आधी लिहून घ्यायचा. शून्य नंबरनं नोंदवा आणि ज्यांची हद्द त्यांच्याकडं तुम्ही पाठवा. नाही म्हणत असाल तर मी वर अधीक्षकांना लेखी कळवते." लिहिलं की मुकाट! प्रत हातात, तीही फुकट.

कायद्यात आहे हे सगळं. आपल्याला एकादशी कधी ते तोंडपाठ, आणि एवढं साधं ठाऊक नाही.

संपलं आख्यान? कुठलं! हंबीर म्हणतोय, मी पुलावर नव्हतोच, म्हातारी घसरून पडली. आता साक्षीदार हवा. पुलावर माणसं होती, बाईनं तोंडं ओळखली, दारोदार गेली. एकानं दार लावून घेतलं. दुसरा म्हणाला, मी पाण्याकडं बघत होतो. पाण्याकडं! ओढा कोरडा आहे हो!

ती आज इथं आलीय. मंडपाच्या कडेला बसलीय, हात गळ्यात बांधलेला. वळून बघू नका, तिला अवघडेल.

आता मी तुमच्याकडं पाठ करतो, माफ करा. मृदंग थांबवा. दिनकरअण्णा, माझ्या मागं इतकी वर्षं टाळ धरताय. त्या दिवशी भजनी मंडळ पुलावरूनच आलं ना?

"आलं, महाराज. पण ते..."

पण काय?

"ते आपल्या गावच्या हद्दीत नव्हतं."

ऐकलंत? दोन ठाण्यांची मघापासून चेष्टा करतोय मी, तुम्ही पोट धरून हसलात. तिसरं ठाणं माझ्याच पाठीशी टाळ घेऊन उभं आहे!

अण्णा, परवा बाजार. बाई त्याच पायरीवर बसणार म्हणते, एका हातानं. तो येईल. तिच्या बाजूनं कायदा आहे, वकील आहे, नाही ती फक्त तुमची जीभ. देवाचं नाव घेताना बरी चालते. आज आरती नाही. आधी सांगा, वकीलबाईंना कुणाकुणाची नावं कळवू?

...हं. अण्णांनी टाळ खाली ठेवले, हात वर केला.

आता दुसरं कोण?