मास्तरांची टोपी आणि माझा अर्धा लेख

अध्यक्ष महाराज, रिबकावहिनी, आणि मास्तरांच्या छड्या खाल्लेल्या ठाणेकरांनो,

मला बोलायला उभं केलंत, ही चूक झाली. मी पडलो हसवणारा माणूस. आणि आज जे सांगायचंय त्यात हसण्यासारखं फार नाही.

एलिझरमास्तर गेले. तीस वर्षं त्यांनी या शाळेत गणित शिकवलं आणि तीस वर्षं डोक्यावरची ती गोल काळी टोपी उतरवली नाही. वर्गात नाही, बाजारात नाही, माझ्या घरी जेवताना नाही. त्यांच्यातले बाकीचे लोक प्रार्थनेपुरती घालत. मास्तर म्हणायचे, "देव काय फक्त शनवारी वर असतो?"

त्या टोपीनं लोकांची काय तारांबळ उडायची! टांगेवाला म्हणायचा, "आइये चाचा." एखादा चौकस भेटला की विचारायचा, "आपण कोण?" मास्तर म्हणायचे, "मी नवगावचा." "तसं नव्हे हो. कोण?" "ज्यू." "अस्सं! म्हणजे पारशीच की!" शेवटी मास्तर थकून म्हणायचे, "शनवारतेली." शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. कुलाबा-अलिबागकडच्या माणसाचा चेहरा लगेच उजळायचा. "मग असं सरळ सांगा ना राव!"

शेकडो वर्षं या मातीत राहून माणसानं रोज नव्यानं आपली ओळख करून द्यायची. आपण हसायचो. मी तर जरा जास्तच.

फाळणीनंतरच्या दिवसांत कल्याणच्या बाजारात काय झालं, ते तुम्ही माझ्या लेखात वाचलंय. आम्ही दोघं शाळेसाठी नकाशे घ्यायला गेलेलो. चार-पाच जणांनी मास्तरांना अडवलं. एकानं टोपी उडवली. दुसऱ्यानं कॉलर धरली. मी ओरडलो, "अहो, हे मुसलमान नाहीत! शनवारतेली आहेत!" त्यांच्यातला एक अलिबागकडचा निघाला. म्हणाला, "सोड रे, तेली हायत ते. आमच्या गावात हायत." टोपी झटकून परत डोक्यावर ठेवली. वर चहा घेता का, म्हणून विचारलं.

लेख इथं संपतो. गॅदरिंगला मी तो वाचला, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मास्तर पहिल्या रांगेत बसून हसले.

मित्रांनो, गोष्ट तिथं संपत नाही.

आमच्या मागून एक म्हातारा बांगडीवाला येत होता. दाढी, लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी. मास्तरांना सोडलेले हात त्याच्याकडे वळले. बांगड्यांचं खोकं खाली पडलं. मी मास्तरांचा दंड धरला. म्हटलं, "चला, चला मास्तर. आपलं काम झालं."

आपलं काम झालं! हे माझे शब्द आहेत. लेखात नाहीत.

मास्तरांनी दंड सोडवला. परत गेले. त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "हाही आमच्यातलाच आहे."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून. लुंगी सोडून बघायचं असेल तर बघा. सुंता आमच्यातही होते. याची झालीय, माझीही झालीय. आधी माझा पायजमा सोडा."

बायामाणसं बसली आहेत, मला क्षमा करा. पण त्या दिवसांत माणूस ओळखायची आपली रीत हीच होती, आणि ती रीत त्या भर बाजारात मास्तरांनी एका वाक्यात निकामी केली. अलिबागकरानं एकदा म्हाताऱ्याच्या जाळीच्या टोपीकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, मी आजही सांगतो, त्याला कळलं होतं. म्हणाला, "चला रे." आणि गेले.

तोवर मी कुठे होतो? रस्त्यापलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर. हातात शाळेचे नकाशे.

परतताना मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही आणि खोटं?" म्हणाले, "आमचा दारफाळणीचा सण येतोय. दारं लावून उपास करायचा आणि वर्षभराच्या पापांची माफी मागायची. तेव्हा मागेन." सण झाल्यावर मी विचारलं. म्हणाले, "बाकीची मागितली. ही काही तोंडातून निघेना."

आणि गॅदरिंगच्या दिवशी, टाळ्या संपल्यावर, मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, तुम्ही बोलला का नाहीत?" त्यांनी टोपी सारखी केली. "लेख तुमचा आहे. कुठं संपवायचा, ते तुम्ही ठरवायचं."

वहिनी, तुम्हालाही त्यांनी हे सांगितलं नसेल. तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय. ते हयात असताना मी सांगायला हवं होतं. त्यांच्यासमोर. त्याच स्टेजवरून. मी लोकांच्या ढोंगावर लिहितो, त्यावर माझं नाव झालंय. आता काय बोलू?

मंडळी, आता उठू या. दोन मिनिटं मुकाट्यानं उभं राहायचं आहे. मला ते चांगलं जमतं. त्या दिवशी मी तेच केलं होतं.