सदुसष्ट शेतांची सावली

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले संचालकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. खास आजच्यासाठी लांबून आलेले बाईंचे यजमान आणि कन्या. प्रयोगशाळेतली माझी सगळी सहकारी मंडळी. मागच्या रांगांत अवघडून बसलेले उतारावरच्या गावांतले शेतकरी. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळेच्या आज निवृत्त होणाऱ्या प्रमुख, आपल्या बाई. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या टंकलेखिकाताईंनी हसत हसत सांगितलंय, की पाचाची सहा झाली तर माईक बंद. त्यांचं हसणं मी बावीस वर्षं ओळखतो, त्यामुळे घड्याळाकडे बघत बोलेन. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हृद्य आठवणी’ असं छापलंय. आठवणी आहेत. हृद्य किती, ते तुम्ही ठरवा.

आधी एक आगाऊपणा करतो. साहेब, तुमच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास घेऊ का? आभारी आहे. हा दुसरा माझा. आणि ही रुमालात बांधून आणलेली दोन ढेकळं. नाही, घाबरू नका, फक्त माती आहे. दोन्ही वाळलेली, दोन्ही एकाच शेतातली. एक या ग्लासात सोडतो, एक त्या. हळूच. झालं. पुढच्या रांगेने ग्लासांवर लक्ष ठेवायचं, मी बोलत राहतो. गाडीवाले दादा तिकडे दाराशी उभे राहून आत्तापासूनच मला हाताने ‘बस, बस’ करताहेत. दादा, अहो, आत्ता तर तोंड उघडलंय.

तर मी नमुने गोळा करणारा. लोकांना वाटतं, त्यात काय, माती उचलायची आणि पिशवीत भरायची. बाईंनी पहिल्याच दिवशी मला शेतात नेलं आणि चालायला शिकवलं. खरंच सांगतो, चालायला. सरळ चालायचं नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे, मग वळून पलीकडे, परत वळून अलीकडे, असं नागमोडी. वळणावळणावर वीतभर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती खुरप्याने खरवडून घ्यायची. बांधाजवळची नको, खताच्या ढिगाजवळची नको, झाडाखालची तर नकोच नको. असे पंधरा खड्डे. मग सगळी माती एकत्र करून तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. शेवटी अर्धा किलो राहते. त्या अर्ध्या किलोत अख्खं शेत बोलायला हवं, असं बाई म्हणायच्या.

मी असा वाकडातिकडा चालायला लागलो की शेतकऱ्यांना वाटायचं, स्वारी सकाळीच पिऊन आली. एका आजोबांनी तर माझ्या तोंडाचा वास घेऊन खात्री करून घेतली होती. तेव्हापासून माझं नाव नागमोडी पडलं. पगारपत्रकावर काय नाव आहे, ते बहुधा फक्त टंकलेखिकाताईंना माहीत असेल.

वासावरून आठवलं. प्रत्येक नमुना यंत्राकडे जाण्याआधी बाई पिशवी उघडून हुंगायच्या. नवे रसायनतज्ज्ञ गालातल्या गालात हसायचे. पण बाई सांगायच्या, ‘हिच्यात पाचोळा कुजलाय,’ किंवा ‘ही उपाशी आहे,’ आणि दोन दिवसांनी यंत्र तेच सांगायचं. एरवी त्या कुणाला सोडायच्या नाहीत. बाटलीवरची चिठ्ठी तिरकी लागली तरी बोलणी बसायची. पण माझ्या नमुन्यांवर त्यांनी कधी दुसरा माणूस पाठवला नाही. ‘आकडा माझा, माती तुझी,’ असं म्हणायच्या. कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकलाय, हे घरी सांगताना माझी छाती फुगायची.

किती वाजले? पाच पस्तीस. हे घड्याळ पुढे आहे का हो?

आता मागे वळून तो नकाशा बघा. फीत कापून आत्ताच साहेबांनी त्याचं अनावरण केलं, आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बाईंच्या दहा वर्षांच्या कामाचं ते सार आहे. जिथल्या मातीत कर्ब कमी, तिथे लाल. मध्यम तिथे पिवळा. पुरेसा तिथे हिरवा. कर्ब म्हणजे काय, हे मागच्या रांगेला सांगायला नको, पाहुण्यांसाठी सांगतो. पालापाचोळा, शेण, मुळं कुजून मातीत जे मुरतं, ते. ते असलं की माती पाणी धरते. नसलं की पडलेला पाऊस वरच्या वर निघून जातो, जाताना मातीही घेऊन जातो. आणि हल्ली पाऊस पडतो कसा, तर महिनाभर तोंड दाखवत नाही आणि मग तासाभरात सगळं ओतून मोकळा होतो.

या नकाशावरूनच गावांची यादी तयार झाली आहे. लाल आणि पिवळ्या गावांत पुढची पाच वर्षं बांधबंदिस्ती होणार, शेतावर पेंढ्याचं आच्छादन घालायला मदत मिळणार, खताचे खड्डे होणार. हिरव्या गावांत काही नाही. बरोबरच आहे, धडधाकट माणसाला कोण औषध देतं? ती यादी त्या फुलांच्या शेजारच्या फायलीत आहे. सहा वाजता बाईंचा अधिकार संपतो. त्याआधी व्यासपीठावर, आपल्या सगळ्यांच्या साक्षीने, त्या कारकिर्दीतली शेवटची सही तिच्यावर करणार आहेत. कल्पना साहेबांची आहे, आणि छान आहे.

नकाशात उतारावरची सगळी शेतं हिरवी दिसताहेत ना?

तिसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण बसली आहे. ताई, उभी नको राहूस, बस. तिचं शेत त्या हिरव्यात आहे. गेल्या महिन्यात तासाभराचा पाऊस झाला आणि तिच्या शेतातला वरचा थर खालच्या रस्त्यावर येऊन पडला. मी भेटायला गेलो तर तिने माती परीक्षणाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्याच्यावर ‘कर्ब पुरेसा’ असं छापलेलं, खाली बाईंची सही. ते वाचून तीन वर्षं तिने धाटं शेतात कुजायला न ठेवता विकली होती. मला म्हणाली, ‘तुमच्या कार्डावर माती चांगली आहे, मग हिच्यात पाणी का मुरत नाही रे?’

मी म्हणालो, बघतो. आणि चहा न घेता निघून आलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुम्हाला काहीतरी चावतंय. चावतंयच.

तीन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. डांबर चपलेला चिकटायचं. उताराची सदुसष्ट शेतं माझ्याकडे होती. पहिल्याच दिवशी पहिल्याच शेतात मी चक्कर येऊन पडलो. गाडीवाल्या दादांनी उचलून झाडाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं. त्या शेतात ते एकच झाड. शुद्धीवर आलो, तर हाताशी खुरपं होतं आणि हाताखाली माती होती. मऊ, काळी, गार. मी बसल्या बसल्या पिशवी भरली.

दादा, आता हात हलवू नका. झालं सांगून.

पुढच्या शेतातही झाड होतं. त्याच्या पुढच्याही. वाटलं, एक-दोन शेतांनी काय होतं? मग वाटलं, निम्मी झालीच आहेत. शेवटी शेवटी तर काही वाटेनासं झालं. नागमोडी नाव मिरवणारा मी गाडीतून उतरून सरळ झाडाकडे जायचो. एक खड्डा, एक पिशवी, पुढे चला. एकेका झाडाखाली वर्षानुवर्षं पडलेला पाचोळा, तिथे बसणारी गुरं. कर्ब पुरेसा येईल नाहीतर काय! दादांनी एकदा विचारलं, ‘चालेल का हे?’ मी म्हणालो, ‘माती ती मातीच.’ हे वाक्य माझं आहे, दादांचा यात काही दोष नाही.

आणि बाई, तुम्ही त्या पिशव्या हुंगल्या होत्या. तिसरी की चौथी पिशवी होती. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, ‘ही सावलीतली वाटते रे?’ मी म्हणालो, ‘नाही बाई, शेताच्या मधली आहे.’ तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत आणि लिहून घेतलंत. यंत्राने आकडा बरोबरच दिला. तुमचं नाक चुकलं नव्हतं, यंत्र चुकलं नव्हतं. तुम्ही माझ्या शब्दावर तुमच्या नाकाला गप्प केलंत.

टंकलेखिकाताई, तुमचा हात बटणावर आहे, दिसतोय मला. दोनच मिनिटं. हात जोडतो.

आता पुढच्या रांगेने सांगावं, ग्लासांत काय दिसतंय? मोठ्याने, मागे ऐकू जाऊ दे. बरोबर. या ग्लासातलं ढेकूळ तसंच्या तसं आहे, पाणी नितळ आहे. ते ताईच्या झाडाखालचं, कर्बाने बांधून ठेवलेलं. आणि हे दुसरं. ढेकूळ राहिलेलंच नाही. तळाला गाळ आणि वर गढूळ पाणी. हे तिच्या शेताच्या मधलं, झाडापासून वीस पावलांवरचं. परवा दोन्ही मी स्वतः काढली. उतारावरची सदुसष्ट कुटुंबं जे पेरतात, ते या दुसऱ्या मातीत पेरतात. झाडाखाली कुणी पेरत नाही.

साहेब, तुमच्या कपाळावरच्या आठ्या दिसताहेत. हे मी आधी, बंद खोलीत सांगायला हवं होतं. मान्य. सोमवारी बाईंच्या दारापर्यंत गेलो, त्या सत्काराच्या फोटोंसाठी जुने अहवाल काढत होत्या, खुशीत होत्या. परत फिरलो. मंगळवारी तसंच. काल तर हातात ही ढेकळं होती. बाई, तुमच्या शेवटच्या दिवशी, तुमच्या माणसांसमोर, तुमच्या नकाशाला मी काळं फासतोय. मला लाज वाटते. पण सही झाली की उतार पाच वर्षं हिरवा राहणार. पाच वर्षांनी तिथे हिरवं म्हणायला माती तरी उरेल का?

यादी थांबवू नका, बाकीच्या गावांचा यात काही गुन्हा नाही. उतारापुढे फक्त ‘फेरतपासणी’ एवढा शेरा हवा, आणि तो लिहायचा अधिकार सहा वाजेपर्यंत फक्त तुम्हाला आहे. उद्या सकाळपासून मी शेतं चालायला घेतो. एकेका शेतात पंधरा खड्डे. बरोबर कुणालाही द्या, ज्याचा माझ्यावर विश्वास नाही असा माणूस द्या. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे, फक्त ती नमुने आल्यावर करा, एवढीच विनंती.

बाई उठल्या. बाई, तो ग्लास… हो, तोच. तोच, शेताच्या मधल्या मातीचा. हुंगा.

काय म्हणालात? माईकमध्ये नाही आलं.

किती शेतं? सदुसष्ट, बाई. नाही, एकही सुटलं नाही. सगळीच. हो, लिहा. सदुसष्ट.

पाच बावन्न.

अध्यक्ष महोदय, मला बोलू दिलंत याबद्दल आभार. टंकलेखिकाताई, माईक चालू ठेवलात, तुमचे जास्त आभार. ताई, चहा प्यायला येतो, पण आधी शेत चालून मग. बाई, तुमच्याकडे निवृत्तीनंतर भरपूर वेळ असेल. त्यात माझ्यावर रागवायला थोडा राखून ठेवा, मी घरी येऊन ऐकून घेईन. भाषणाच्या शेवटी काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. तर बोलण्यात माझं जे काही चुकलं असेल, ते मोठ्या मनाने पोटात घाला. सदुसष्ट शेतांचं मात्र कुणी पोटात घालू नका. नमस्कार.