डब्यावरचा हात

नाही, कॉम्प्युटरच्या त्या पंख्याला हात लावू नका — तो हळू फिरतो हा बिघाड नाहीये, तो तसाच ठेवलाय. कुणी ठेवला म्हणजे? ठेवलाय, झालं. दादाने तुम्हाला कशासाठी बोलावलंय, त्याचा गेम अडकत अडकत चालतो म्हणून ना, मग तेवढंच बघा की — कार्ड बघा, त्यावरची गार ठेवणारी पेस्ट बदला, नवीन वायर घाला, काय घालायचं ते घाला — पंख्याचा वेग कशाला उकरून काढताय? कार्ड तापतंय हे मलाही दिसतंय, स्क्रीनवर आकडा आहे ना समोर, आंधळी नाही मी. ब्याण्णव डिग्री. हो, तापलं की कार्ड स्वतःच दम खातं आणि मग चित्र अडकतं, माहीत आहे — आई गं. अहो, पाडू नका ना असं काही. स्क्रूड्रायव्हर असला म्हणून काय झालं, मी दचकते.

आणि मला कसं माहीत हे विचारूच नका, कारण मग मला मागची खेप काढावी लागेल. धूळ साफ करायला आलात आणि मागचा पंखा उलटा बसवून गेलात — हो, तुम्हीच, दुसरं कोण येतं इथे? गरम हवा बाहेर फेकायची सोडून तो बाहेरचीच आत ओढत होता. कॉम्प्युटरच्या डब्यामागे कागद धरला तर उडायला हवा की नको? तो जाळीला चिकटून बसला. चार स्क्रू काढून मीच सरळ केला तो पंखा. दादाला बोलले नाही मी, कळलं का? त्याला सांगितलं असतं तर आज तुम्ही या खोलीत उभे नसता. तेव्हा तुम्हीही जरा — काय? कुठे डाग?

दमट हवा असेल. बघू — हं, वरच्या स्क्रूवर थोडा गंज आहे, असतोच जुन्या डब्यांना. नाही, पाणीबिणी काही सांडलेलं नाही. कार्डाच्या कोपऱ्यालाही हिरवं आलंय? मग आलं असेल, मी काय करू — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, पोलिसासारखं. टॉवेल होता. ओला नाही, घट्ट पिळलेला. वरून ठेवायचे, गेम बंद केल्यावर, आणि समोर टेबलफॅन लावायचे. आता जाळीतून एखादा थेंब आत गेला असेल तर गेला असेल. वेडी वगैरे नाहीये मी, पदवी आहे माझ्याकडे, पाणी आणि वीज म्हणजे काय ते कळतं मला — पण डबा गार व्हायला दुसरं काय करायचं होतं, सांगा ना. फुंकर घालू?

कारण दादा हात ठेवतो. घरात येतो, चप्पल काढतो, आणि पाणी प्यायच्या आधी इथे येऊन डब्यावर तळहात ठेवतो — ताप बघतात ना कपाळावर, तसा. गार लागला की मग मला विचारतो, जेवलीस का. आणि गरम लागला की काहीच विचारत नाही. मागे एकदा लागला होता गरम, मी खेळत होते. डब्याची वायर बॅगेत घालून ऑफिसला घेऊन जायला लागला, माझा फोनही — आता परत दिलंय दोन्ही, पण सांगून ठेवलंय, पुन्हा लागला तर डबा विकतो आणि तुला मामाकडे पोचवतो, तिथे बस भिंतीशी बोलत. का म्हणजे? हेडफोनमधून एका मुलाचा आवाज आला त्याला. समोरच्या टीममधला होता, मी नावही विचारलं नव्हतं. दादा स्वतः रोज संध्याकाळी याच खुर्चीत बसून साऱ्या जगाला शिव्या घालतो, ते चालतं. घरात आम्ही दोघंच, कुणाला सांगणार, आणि तुम्हाला तरी का सांगतेय मी — तुम्ही पेस्ट लावा.

पंखा त्यासाठीच हळू. जोरात फिरायला लागला की मिक्सर लावल्यासारखा आवाज होतो आणि मग जिन्यावर दादाची पावलं ऐकू येत नाहीत. जिना ऐकू आला पाहिजे मला — एक कान हेडफोनच्या बाहेर ठेवून खेळते मी, तरी टीममध्ये सगळ्या मला कॅप्टन म्हणतात. पाचजणी आहोत. एकीचंही तोंड बघितलेलं नाही मी, पण दिवसभरात मला कुणी हाक मारत असेल तर त्याच. आज चारला सामना आहे, हरलो तर टीम मोडणार, जी ती आपली वाट धरणार. आणि दादा आजच लवकर येतो म्हणालाय, तुमचं काम बघायला. तुमचा मुहूर्तही असला.

काय म्हणालात? पंखा असाच ठेवला तर कार्ड महिनाभरही टिकणार नाही. बरं. आणि पुढे? तुम्ही दादांना सांगाल, मी चालवून बघत होतो म्हणून डबा गरम आहे — वा, फार उपकार झाले. आणि उद्या? उद्या येऊन बसणार आहात इथे, परवा? रोज येऊन माझ्या वाटचं खोटं बोलणार? मागच्या वेळी पंखा धड लावता आला नाही तुम्हाला, आणि आज माझी कीव करताय. नको मला. तो चेहरा आधी नीट करा.

करा. पूर्ण वेगाने करा पंखा. हो म्हणतेय ना, ऐकू येत नाही का — बाई गं, केवढा आवाज हा. नाही, राहू द्या, दचकले फक्त, राहू द्या. ऐंशी. चौऱ्याहत्तर. बघा, उतरतोय आकडा, एवढंच तर हवं होतं डब्याला बिचाऱ्याला. सरका, खुर्ची सोडा, चार वाजताहेत. हेडफोन द्या इकडे. दोन्ही कानांवर, हो. असे दाराकडे काय बघताय सारखे, मला काही ऐकू येत नाहीये आता, आणि मी मागे वळूनही बघणार नाहीये. तुमचं काम झालं. पिशवी उचला आणि निघा. जिन्यात दादा भेटलाच तर त्याला सांगा — डबा गरम आहे.