पुण्याच्या संघात कोण?

घोडेगावच्या स्टँडवर भिमाबाई तळेघरच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर कापडवाला संयमशेठ आणि मेंढरंवाला गोरक्ष तावातावानं बोलत होते. उद्या कबड्डी लीगचा लिलाव होता.

"पुण्यानं चढाईला हरियाणाचाच पोरगा घ्यावा, गोरक्षभाऊ. काय उंची आहे त्याची!"

"आन् पकड कोण करणार, शेठ? मी म्हंतो, आपल्या तळेघरचा हनुमंत घ्या."

"त्याचा गुडघा गेलाय, राव."

"गुडघा गेला, पंजा न्हाई गेला! मंचरला त्यानं घोटा धरला, तर गडी जागचा हलला न्हाई."

"मोडक्या गुडघ्यावर संघ बांधायचा का?"

भिमाबाईला राहवेना.

"गुडघा बरा झालाय त्याचा."

"तुमाला काय ठावं, मावशी?"

"काल भाताचं पोतं घिऊन डोंगर चढला. मी मोकळ्या हातानं मागं राहिले."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"आई."

"आयला! शेठ, बोला आता!"

"बोलायचं काय? हनुमंत घ्यायचाच! मावशी, त्याला म्हणावं, उद्या अजिबात घाबरू नको."

"त्यो कशाला घाबरतोय? माझंच काळीज सकाळपासून थाऱ्यावर न्हाई."

दोघंही बाकावर सरकले.

"या, मधी बसा. आता चढाईला कोण, ते तुमीच सांगा."