ती उडी सूर्यवाऱ्याची नव्हती

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राचार्य, विश्वस्त, सहकारी, विद्यार्थी आणि निघोज्याहून आवर्जून आलेल्या ठकुबाई,

निवृत्त होणाऱ्यानं चार गोड शब्द बोलावेत, हे मला ठाऊक आहे. पण आत्ता वाचलेल्या मानपत्रात एक ओळ आहे: ‘पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाची सीमा कशाने हलते, हे प्रा. निलोफर तांबोळी यांनी सिद्ध केले.’ नाही हो, केलेलं नाही!

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत येत असतो. त्याचा जोर वाढला की ती सीमा आत दबते. कधी जोर तेवढाच राहतो, पण वाऱ्यासोबतचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळतं, आपल्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि सीमा सोलल्यासारखी आत सरकते. एका सौर वादळात यातलं कोणतं कारण मोठं, एवढाच माझा प्रश्न. दाब अचानक वाढला, तर जमिनीवरच्या चुंबकमापकाची नोंद एकदम उडी घेते.

आमचा मापक ठकुबाईंच्या शेतात पुरलेला. एका वादळात नोंदीत उडी दिसली, आणि दाबच मोठं कारण, असं मी ठरवलं. इतर केंद्रांवर ती पुसट होती. मी म्हटलं, आपलं यंत्र जास्त संवेदनशील. लेख छापून आला. याच सभागृहात पेढे वाटले.

महिन्याभरानं मी तो आलेख कौतुकानं ठकुबाईंना दाखवला. त्यांनी तारीख-वेळ विचारली.

“बाई, त्याच टायमाला शेजारच्या प्लाटात क्रेननं लोखंडी शेड उतरवलं. आमी जेवाया बसलो व्हतो.”

“नक्की?”

“व्हय. सांगाया नको व्हतं का?”

जवळ एवढं लोखंड हललं की मापकाची नोंद उडी घेतेच; त्याच आठवड्यात मी लेख मागे घेतला. नंतर आपल्या संस्थेकडे चार अर्ज केले, मापक लोखंडापासून दूर हलवू द्या म्हणून. उत्तर काय आलं? ‘प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे.’ मागे घेतलेल्या लेखाचं यश! हसावं की कपाळ बडवावं? पुढे मोठं सौर वादळ आलं, तेव्हा आमच्या मापकानं काय टिपलं? शेजारची फोर्कलिफ्ट.

आता यंत्र भंगारात निघालंय. मी ते रीतसर मागून घेतलं. ठकुबाई म्हणाल्या, “माझ्या भावाचं रान हाय डोंगराकडं. तितं लोखंड न्हाई.” उद्या सकाळी आम्ही दोघी तिकडे खड्डा खणणार आहोत.

शाल-श्रीफळाबद्दल, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा. रागाबद्दल मात्र क्षमा मागत नाही.