तलावाकाठचा राजा

सांता एलेना गावात बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या, एक म्हातारी आणि हॉटेलच्या गणवेशातली तिची भाची.

“मावशी, हॉटेलात येऊन धूप जाळायला तुला सांगितलं कुणी?”

“पेरणी तोंडावर आली. माझी आई त्याच दगडात कोरलेल्या राजापुढे पेरणीआधी जाळायची. तेव्हा तो आपल्या रानात उभा होता.”

“आता तो पोहायच्या तलावापाशी असतो.”

“बघितलं ना. चोरांनी दगडाची पाठ करवतीनं कापून टाकली, नुसती कोरलेली बाजू उचलून आणली. आणि त्याच्या मुकुटावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला.”

“तो तू ओढून काढलास, म्हणून वॉचमन धावला.”

“दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं मला. तू चादरींची गाडी ढकलत तशीच पुढे गेलीस, एल्विरा.”

“मग काय करणार होते? तुझ्यासोबत मीही बाहेर पडू?”

“नको गं बाई. तू आपली चादरी धू.”

“पण मालकीणबाई तुझ्यामागे आल्या होत्या. माफी मागितली ना?”

“मागितली. पाहुण्यांना धूप फार आवडला म्हणे. दर शनिवारी जेवणाच्या वेळी येऊन जाळ म्हणाली. हेच विणलेलं पोलकं घालून ये म्हणाली.”

“अगं, मग चांगलंच आहे की! तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? त्याला निदान कापून न्यावं लागलं, पोरी. मी काय आपल्या पायांनी चालत जाऊ?”

“मावशी, मी त्यांना सांगून बसलेय, तू येशील म्हणून.”