दोघांचं पाणी

विमा कंपनीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. खिडकीतल्या बाईंपुढे त्यांनी पाण्याची बिलं ठेवली.

"फाटकापासून घरापर्यंतचा पाइप जमिनीखाली फुटलाय. विम्यात बसेल ना?"

"बसेल काका, पण गळती कळल्यापासून महिन्याभरात कळवावं लागतं. तुम्हाला कधी कळली?"

"वर्ष झालं. नळ बंद असले तरी मीटर फिरायचा."

"आणि वर्षभर मूग गिळून बसलात?"

"आता भिंतीला ओल आली, म्हणून आलो."

"घरात माणसं किती?"

"ही गेल्यापासून मी एकटाच."

"बिलात तर अजून दोघांचं पाणी दिसतंय."

"हो ना. म्हणून तर कळवलं नाही."